भाकरीपासून मिठापर्यंत : मंगळवेढा ते शिरोडा

रविवार : पुणे ते मंगळवेढा

आमच्या घरी रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी, आमटी, भात, एखादी भाजी आणि शेवटी गुळाचा खडा असा साधा बेत असतो. त्यातला प्रत्येक जिन्नस आम्ही गावाच्या नावाने विकत घेतो: मंगळवेढ्याची ज्वारी, सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. ही गावे प्रत्यक्ष पाहावीत आणि दुकानदाराच्या तोंडी असलेले नाव पोत्यातल्या मालाला कुठपर्यंत खरे असते, ते कुठे हरवते, याचा नीट शोध घ्यावा, असे माझ्या आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या मनात होते. त्यासाठी आम्ही फेब्रुवारीचा मध्य निवडला, कारण याच दिवसांत रब्बीची ज्वारी काढणीला येते, हळद खणली जाते, गुऱ्हाळे सुरू असतात आणि कोकणातल्या मिठागरांत मीठ धरू लागते.

पुण्याहून इंदापूर, टेंभुर्णीमार्गे पंढरपूर गाठेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची सोबत होती. उजनीचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर ऊस, आणि पाणी संपले की ज्वारी, असा या भागाचा नकाशा गाडीच्या खिडकीतूनही वाचता येतो. पंढरपूर मागे पडल्यावर काळ्या रानाचे मोठे पट्टे दिसू लागले आणि संध्याकाळी आम्ही मंगळवेढ्यात पोहोचलो. येथे दामाजीपंतांचे मंदिर आहे. पंधराव्या शतकातल्या बहामनी राजवटीत भीषण दुष्काळ पडला असता दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्या लोकांसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर माहीत आहे. ती ऐकताना आपण भक्तीकडे आणि विठ्ठलाच्या धावून येण्याकडे पाहतो. मला मात्र या वेळी त्या कोठारांचेच महत्त्व अधिक वाटले. कमी पावसाच्या या मुलखात धान्याची कोठारे भरत होती, ती या मातीमुळे.

सोमवार : मंगळवेढ्याचे काळे रान

सकाळी ज्या शेतकऱ्याच्या रानात गेलो, त्यांना सगळे मामा म्हणत होते, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. भीमा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यातली ही जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि परतीच्या पावसाचे पाणी ती पोटात धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली, की ज्वारीची पेरणी होते आणि त्यानंतर बहुतेक रानांना वरून पाणी मिळत नाही. जमिनीत मुरलेली ओल आणि हिवाळ्यातले दव यांच्या बळावर फेब्रुवारीपर्यंत पीक तयार होते. मधल्या काळात कोळपणी करून भेगा बुजवत राहणे फार महत्त्वाचे असते, कारण भेग उघडी राहिली तर ओल उडून जाते आणि कणीस भरत नाही. खताच्या गोणीपेक्षा कोळप्यावर अधिक विसंबलेले पीक मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होते.

या ज्वारीला इकडे शाळू म्हणतात. पेरतात ती मुख्यतः मालदांडी. तिच्यातून निवड करून तयार केलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्राचा आहे आणि कित्येक दशके उलटूनही त्याची जागा दुसऱ्या वाणाला पूर्णपणे घेता आलेली नाही. दाणा टपोरा, गोल, मोत्यासारखा पांढरा आणि चवीला किंचित गोड असतो. खरिपातली संकरित ज्वारी कणसात असतानाच पावसात सापडून काळी पडण्याची भीती असते, तर शाळू कोरड्या हवेत पिकत असल्याने त्याचा दाणा स्वच्छ निघतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे मालावर गावाचे नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले आहे.

काढणीचे काम पाहिल्यावर भाकरीची किंमत वेगळ्या रीतीने कळते. येथे ज्वारी विळ्याने कापत नाहीत, तर दोन-तीन ताटे मुठीत धरून मुळासकट उपटतात. जमीन वाळून घट्ट झालेली असते, ताटाची धार हाताला लागते आणि ऊन चढण्यापूर्वी जेवढे होईल तेवढे उरकायचे असते. रानात काम करणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या आणि त्यांनी तळहाताला फडकी गुंडाळली होती. उपटलेली ताटे काही दिवस रानातच आडवी वाळवून मग कणसे मोडतात, यंत्रावर मळणी होते आणि कडब्याच्या पेंढ्या बांधून बुचाड, म्हणजे गंजी, लावतात. मजुरीचा काही भाग आजही ज्वारीतच दिला जातो, असे मामांनी सांगितले. ज्वारी का लावता, या प्रश्नावर त्यांनी आधी कडब्याचे उत्तर दिले आणि दाण्याचे नंतर. जनावरे आहेत तोवर शाळू राहील, ती गेली की रानात दुसरे काही येईल, असा त्यांचा हिशेब होता. एखाद्या वर्षी कडब्याचेच पैसे दाण्याच्या बरोबरीने होतात.

सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत मालदांडीचे नाव संकरित ज्वारीपासून वेगळे लिहिलेले असते. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये आणि मालदांडीला ३,४२१ रुपये जाहीर झाले होते. म्हणजे हाताने उपटलेल्या, कोरडवाहू, महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी जपलेल्या दाण्याचे मोल यादीने पन्नास रुपयांनी जास्त मानले. एवढा तोकडा फरक मला अन्यायकारक वाटतो.

दुपारी बाजारपेठेत गेलो. अडत्याच्या दुकानासमोर निरनिराळ्या गावांचा माल आला होता आणि प्रत्येक पोते उघडून मूठभर दाणा तळहातावर घेऊन पाहिला जात होता. दाण्याचा रंग, टपोरेपणा आणि कोरडेपणा यांवर भाव ठरतो. माल कोणाच्या रानातला आहे, हे तोलाई होईपर्यंत पट्टीवर लिहिलेले असते, आणि खरेदीदाराने सारख्या प्रतीचे ढीग एकत्र केले की ते नाव संपते. त्यापुढे मंगळवेढ्याच्या मानांकित रानातला दाणा आणि शेजारच्या तालुक्यातला तसाच दिसणारा दाणा एकाच पोत्यात जातात. पुण्याच्या दुकानात तेच पोते कधी मंगळवेढ्याचे म्हणून विकले जाते, तर कधी बार्शीचे म्हणून. मानांकनाचा उपयोग व्हायचा तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि माल स्वतंत्रपणे बांधून स्वतः विकावा लागतो. दहा-बारा पोती पिकवणाऱ्याला हे एकट्याने जमणे कठीण आहे.

मंगळवार : सांगली आणि हरिपूर

पहाटे निघून सांगोल्यामार्गे सांगलीकडे आलो. सांगोल्याच्या आसपास डाळिंबाच्या बागा आणि कवठे महांकाळच्या बाजूला द्राक्षांचे मांडव व बेदाण्याच्या शेड लागल्या. बेदाण्यासाठी द्राक्षे एका द्रावणात बुडवून जाळीच्या थरांवर सावलीत वाळवतात आणि पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, एवढे एका शेडमध्ये थांबून पाहिले. पण आमचे मुख्य काम हळदीचे होते.

सांगलीच्या वसंत मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू होते. अडत्यांच्या गाळ्यांसमोर पोत्यांच्या थप्प्या, हवेत पिवळी धूळ आणि त्या धुळीने रंगलेले हमालांचे कपडे, अशा वातावरणात व्यापाऱ्यांचा घोळका एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीकडे सरकत होता. हळकुंड मोडून त्याचा आतला रंग पाहतात, मोडताना येणारा आवाज ऐकून ते किती वाळले आहे याचा अंदाज घेतात आणि मग बोली लावतात. पोत्यांवरची गावे विचारत गेलो तेव्हा सांगली जिल्ह्याबरोबरच कर्नाटक, तेलंगणा, नांदेड आणि हिंगोली अशी नावे ऐकू आली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि ‘सांगली’ हे नाव पिकाच्या गावापेक्षा बाजाराचे म्हणून देशभर पोहोचलेले आहे. येथे येऊन विकली गेलेली तेलंगणातली हळदही पुढे सांगलीची होते. यात दरवेळी कोणी फसवतेच असे नाही. शतकाहून अधिक काळ चालत आलेल्या पेठेच्या नावाला वजन असते आणि ते मालाला आपोआप चिकटते. तरीही हिंगोलीतल्या वसमतच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या हळदीचे श्रेय त्याला मिळू नये, हे योग्य नव्हे. वसमतच्या हळदीला आता स्वतंत्र मानांकन मिळाले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

दुपारी एका शेतात हळदीची खणणी आणि शिजवण पाहिली. नऊ महिने जमिनीत असलेले पीक पाला कापून, माती मोकळी करून बाहेर काढतात, मग गड्डे आणि हळकुंडे वेगळी करतात. पूर्वी मोठ्या काहिलीत पाणी घालून हळद शिजवत. आता लोखंडी ड्रमांत वाफेवर शिजवतात, त्यामुळे वेळ आणि जळण दोन्ही वाचते. शिजलेली हळद दोन आठवडे उन्हात वाळते आणि पाच किलो ओल्या हळदीतून सुमारे एक किलो सुकी हाती येते. वाळलेले हळकुंड काळपट आणि खरबरीत असते. ते फिरत्या पिंपात घासून वरची साल काढली म्हणजे आपल्या ओळखीचा पिवळा रंग दिसतो. येथेच लबाडीलाही वाव आहे. घासलेल्या हळकुंडांना बाहेरून रंग चढवण्याचे प्रकार देशात आणि शेजारच्या बांगलादेशातही उघडकीस आले आहेत आणि त्यात वापरले जाणारे लेड क्रोमेट हे शिशाचे संयुग लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. झगझगीत पिवळी पूड चांगली, ही आपली समजूत या लबाडीला पोसते. त्या शेतातल्या काकूंनी घरच्या हळदीची पूड दाखवली. ती आमच्या डब्यातल्या पुडीपेक्षा मंद रंगाची होती आणि तिचा वास मात्र कितीतरी उग्र होता.

संध्याकाळ हरिपूरसाठी राखली होती. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव संगमेश्वराच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे, तसेच हळदीच्या पेवांसाठीही. येथली माती खोलवर घट्ट आणि कोरडी असल्याने जमिनीत तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी पेवे खणून त्यांत हळद साठवत. तोंड बंद केल्यावर आत हवा खेळत नाही, त्यामुळे कीड लागत नाही आणि वर्षानुवर्षे ठेवली तरी हळदीचा रंग उतरत नाही, असा येथल्या लोकांचा अनुभव होता. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे, कारण आत प्राणवायू उरलेला नसतो. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले, हळदीचे अतोनात नुकसान झाले आणि त्यानंतर बहुतेक साठवण गोदामांत आणि शीतगृहांत गेली. आम्हाला दाखवलेल्या पेवाच्या तोंडावर फरशी टाकलेली होती आणि भोवती गवत वाढले होते. विजेचे एकही युनिट न वापरता धान्य आणि मसाले सांभाळणारे हे शास्त्र अभ्यासकांनी मोजमापांसह नोंदवून ठेवले पाहिजे, आणि ज्यांनी पेवे भरली आणि रिकामी केली ती माणसे हयात आहेत तोवरच ते व्हायला हवे.

बुधवार : कोल्हापूरचे गुऱ्हाळ

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. शहराबाहेर एका गुऱ्हाळावर आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत थांबलो. उसाचा रस चरकातून निघून टाकीत जातो, गाळला जातो आणि मग चुलवाणावरच्या काहिलीत पडतो. चुलवाणाला जळण म्हणून वाळलेली चिपाडे घालतात, म्हणजे उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर शिजतो. रस तापू लागला की रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचे चिकट पाणी त्यात घालतात. त्या चिकटपणात रसातला गाळ अडकतो आणि मळी होऊन वर येतो, ती झाऱ्याने काढत राहायचे. रस साधारण १०५ अंश सेल्सियसच्या पुढे गेला की काकवी होते आणि ११६ ते ११८ अंशांच्या दरम्यान गुळाचा पाक तयार होतो. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याजवळ तापमापक नव्हता. तो पाकाचे थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळत होता आणि ती आपटून आवाज ऐकत होता. एका क्षणी त्याने हात वर केला, चौघांनी काहील उचलली आणि पाक वाफ्यात ओतला गेला. थोडा उशीर झाला असता तर गूळ करपला असता, आणि घाई झाली असती तर पावसाळ्यात त्याला पाणी सुटले असते. शंभर किलो उसातून दहा-अकरा किलो गूळ निघतो.

रंगाचा प्रश्न येथेही होता. पिवळाधमक गूळ बाजारात चढ्या भावाने जातो, म्हणून पाक उतरवण्यापूर्वी हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालण्याची पद्धत पडली. त्याने रंग उजळतो, पण काही आठवड्यांत तोच गूळ पुन्हा काळपट पडू लागतो आणि गंधकाचा अंश मात्र आत राहतो. या गुऱ्हाळाचे मालक दोन्ही प्रकारचा गूळ करत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. ‘‘ताई, गिऱ्हाईक तपकिरी रव्याला (गुळाच्या ढेपेला) हात लावत नाही आणि मग आम्हाला सेंद्रियवर भाषण देतं,’’ असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला पटले. आपल्या अन्नाचे मूळ जाणण्याची जबाबदारी पिकवणाऱ्यावर टाकून आपण केवळ डोळ्यांनी निवड करत राहिलो, तर त्याने आपल्या डोळ्यांसाठीच गूळ करावा यात नवल नाही.

बाजार समितीत कपड्याच्या ठशांसह रचलेले रवे पाहिले. कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून मानांकन आहे आणि त्याचा मोठा ग्राहक गुजरात. बाहेरचा गूळ कोल्हापुरी नावाने विकला जातो, गुळात साखर मिसळली जाते, या तक्रारी येथे प्रत्येकाकडून ऐकल्या. दुसरीकडे साखर कारखान्याला ऊस घालणे शेतकऱ्याला सोपे पडते, कारण तोड, वाहतूक आणि हिशेब कारखाना पाहतो. गुऱ्हाळ चालवायचे तर गुळव्या आणि हाताखालची माणसे आधी मिळवावी लागतात, आणि गुळव्यांची पुढची पिढी या कामात येत नाही. अशाने गावाचे नाव टिकेल आणि माल दुसरीकडून येऊ लागेल.

गुरुवार : गडहिंग्लज आणि आजरा

गडहिंग्लजला थोडाच वेळ थांबलो. येथल्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे सौदे होतात. लांब, सुरकुतलेली, झणझणीत अशी ही मिरची कोल्हापूरकडच्या कांदा-लसूण चटणीत असावी लागते. तिची लागवड कमी झाल्याने भाव चढे असतात आणि ब्याडगीसह इतर मिरच्या तिच्यात मिसळून विकल्या जातात. आम्ही शेतकऱ्याच्या हातून थोडी मिरची घेतली आणि आजऱ्याची वाट धरली.

आजऱ्याकडे जाताना जमीन काळीची तांबडी होत जाते, चढ-उतार वाढतात आणि हवेत गारवा येतो. भाताची राने मोकळी होती, कारण घनसाळ नोव्हेंबर-डिसेंबरातच कापून होतो. त्यामुळे आम्ही पीक पाहू शकलो नाही, पण एका भातगिरणीत दिवसाचा मोठा भाग गेला. घनसाळ हा आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ आहे आणि त्यालाही २०१६ साली मानांकन मिळाले. बासमतीला वास देणारे संयुगच यातही असते, पण तो वास किती उतरेल हे माती, पाऊस आणि पीक भरण्याच्या काळातली थंडी यांवर ठरते. हेच बियाणे घाटाखाली किंवा पूर्वेकडच्या तालुक्यांत लावले तर भात येतो आणि वास उतरत नाही, असे शेतकरी सांगतात. पीक उशिरा तयार होते, उंच वाढल्याने वाऱ्यात आडवे पडते आणि एकरी उतारा सुधारित वाणांहून बराच कमी मिळतो. तरीही घरच्या सणासाठी म्हणून का होईना, एखाद्या खाचरात घनसाळ लावणारी कुटुंबे येथे आहेत आणि बियाणे त्यांनीच सांभाळले आहे.

या गिरणीत मला प्रवासातली सर्वांत आशादायक गोष्ट दिसली. शेतकरी आपापले भात पोत्यांतून आणत होते, गिरणीवाला एकाचे भरडून झाल्यावर यंत्र रिकामे करून मगच दुसऱ्याचे घालत होता, आणि तांदूळ, कणी व कोंडा तिन्ही ज्याचे त्याला परत मिळत होते. येथून तांदूळ थेट कोल्हापूर, पुणे, मुंबईतल्या ठरलेल्या घरांकडे जातो. शेतकऱ्याला ग्राहकाचे नाव माहीत असते आणि ग्राहकाला त्याच्या रानाचे. मंगळवेढ्यात जे नाव तोलाईच्या काट्यापाशी संपले होते, ते येथे ताटापर्यंत पोहोचत होते. यासाठी कोणते तंत्रज्ञान लागले नाही. गिरणी लहान आहे आणि मालक प्रत्येक पोत्यामागे थोडा वेळ खर्च करायला तयार आहे, एवढ्यानेच हे साधले. मोठ्या गिरणीला हे परवडणार नाही, हे मला मान्य आहे.

शुक्रवार : आंबोलीतून सावंतवाडी

आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना हिरण्यकेशी नदीची सोबत असते. तिचा उगम आंबोलीला आहे आणि तेथून ती आजरा, गडहिंग्लज, संकेश्वरच्या बाजूने वाहत जाते. म्हणजे कालचा तांदूळ आणि मिरची ज्या खोऱ्यातली, त्याच्या माथ्यावर आम्ही सकाळी उभ्या होतो. घाट उतरल्यावर काजूच्या बागा सुरू झाल्या. झाडांवर मोहोर आणि कोवळी फळे एकत्र होती.

सावंतवाडीजवळ एका काजू प्रक्रिया कारखान्यात गेलो. बी वाफेवर शिजवून, हात आणि पाय दोन्ही वापरून चालवायच्या यंत्रावर ती फोडतात. टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात. नंतर गर भट्टीत सुकवून त्यावरची तांबूस साल काढायची आणि आकारानुसार प्रतवारी करायची. पांढऱ्या अख्ख्या गराचे मोल सर्वांत जास्त आणि तुकड्याचे कमी, त्यामुळे सारे कौशल्य गर न मोडण्यात आहे. मी तेथल्या वहिनींना बी कुठली, असे विचारले. त्यांनी दोन ढिगांकडे बोट दाखवले. एक गावठी आणि दुसरी आफ्रिकेतून आलेली. कोकणातली बी मे महिन्यानंतर मिळत नाही आणि कारखाना वर्षभर चालवायचा तर बाहेरून कच्ची बी आणावी लागते. आयव्हरी कोस्ट, टांझानिया यांसारख्या देशांतून भारतात मोठ्या प्रमाणावर कच्चा काजू येतो. कोकणात फोडला म्हणून तो कोकणचा काजू होतो आणि पाहुण्यांच्या हातात त्याच नावाने पडतो.

याबद्दल राग मानण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. काजूचे झाड आणि मिरची ही दोन्ही पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून येथे आलेली आहेत. माझा आक्षेप परक्या बीला नाही. आयव्हरी कोस्टमध्ये कोणीतरी ती बी वेचली, वाळवली आणि पोत्यात भरली, त्या माणसाच्या कष्टाचे नाव पाकिटावर का नसावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

शनिवार : शिरोड्याची मिठागरे

शिरोड्याला येण्याचे आमच्या मनात पहिल्यापासून होते. १९३० च्या मे महिन्यात येथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि कायदा मोडून मीठ उचलल्याबद्दल सत्याग्रहींनी लाठ्या आणि तुरुंगवास सोसला. त्या आगरांपैकी थोडी आजही चालू आहेत. भरतीचे खाडीचे पाणी दारातून आत घेऊन मोठ्या हौदात साठवतात आणि तेथून ते टप्प्याटप्प्याने उथळ होत जाणाऱ्या वाफ्यांत सोडतात. प्रत्येक टप्प्यावर ऊन आणि वारा पाणी उडवून नेतात. खारटपणा बॉमे अंशांत मोजतात. समुद्राचे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास असते आणि २५ अंशांवर मीठ धरू लागते. उरलेले पाणी तीसच्या जवळ जाण्याआधी काढून टाकावे लागते, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार उतरून मीठ कडू होते. वाफ्याची जमीन हंगामाच्या सुरुवातीला पायांनी तुडवून, चोपून गुळगुळीत करतात. तिच्यावरून लाकडी फळीने मीठ ओढून बांधावर ढीग घालतात. मीठ किंचित करड्या रंगाचे, भरड आणि ओलसर होते.

आगरावर काम करणारे काका आणि त्यांची सून यांच्याशी बराच वेळ बोलता आले. हे मीठ कोण घेते, असे विचारल्यावर त्यांनी मासळी सुकवणारे, माडाच्या मुळाशी मीठ घालणारे बागायतदार आणि गुरे पाळणारे अशी यादी सांगितली. घरी खाण्यासाठी विचारणारेही येतात, पण २००६ पासून खाण्याच्या मिठात आयोडीन असल्याशिवाय ते विकता येत नाही, आणि लहान आगराला आयोडीन मिसळण्याची यंत्रणा परवडत नाही. आयोडीनच्या कमतरतेने होणारे गलगंड आणि बालकांच्या वाढीवरचे परिणाम पाहता हा नियम आवश्यक आहे, याविषयी मला शंका नाही. पण चार-पाच आगरांनी मिळून आयोडीन मिसळण्याचे एक लहान केंद्र चालवावे आणि सरकारने त्याला मदत करावी, असे कोणालाही आजवर का सुचले नसेल? देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजरातेत तयार होते. ज्या गावाने मिठासाठी मार खाल्ला त्या गावच्या दुकानातही तेच पाकीट मिळते.

रविवार : परतीची वाट

परतताना एका खानावळीत जेवलो. ताटात भात, सोलकढी, डाळ, तळलेली मासळी आणि कांदा होता. मासळी सकाळी किनाऱ्यावर आलेली होती आणि कोकम मालकिणीने मागच्या उन्हाळ्यात स्वतः सुकवलेले होते. तेल आणि डाळ कुठली, हे विचारल्यावर तिने दुकानाचे नाव सांगितले. पत्र्याच्या डब्यावर पामतेल असे लिहिलेले होते. आपण खातो त्या तेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते, आणि पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून. तुरीसाठी भारताने २०१६ साली मोझांबिकशी करार केला आहे आणि म्यानमारमधूनही तूर येते, ती येथल्या गिरण्यांत भरडली जाऊन डाळ म्हणून आपल्यापर्यंत पोहोचते. सबंध आठवडाभर आम्ही ज्या जिन्नसांमागे हिंडलो, ते ताटातले सोपे जिन्नस होते, हे या डब्यामुळे आमच्या लक्षात आले.

घरी आल्यावर मंगळवेढ्याच्या मामांना फोन करून वर्षभराच्या ज्वारीची मागणी नोंदवली. शेजारच्या कुटुंबांचा माल मिळून एक टेम्पो भरेल एवढी पोती असतील तर ती थेट पुण्याला पाठवण्याची त्यांची तयारी आहे, म्हणून आमच्या इमारतीत आणि ताईच्या शाळेतल्या शिक्षिकांत विचारणा सुरू केली आहे. आजऱ्याच्या घनसाळाची व्यवस्था गिरणीवाल्याकडूनच झाली. तुरीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीत येतो, तेव्हा लातूरला जाऊन डाळीच्या गिरण्या पाहायच्या आणि तेथे येणाऱ्या पोत्यांवर कोणकोणत्या देशांची आणि गावांची नावे असतात ती लिहून घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे.